चोपड्यातलं मोटर रिवायंडिंगचं दुकान : काम चांगलं, पण वेळ हाताशी ठेवून जा

मे महिना, ऊन 44 च्या वर, केळीचा बाग निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेला आणि नेमकी बोअरची साडेसात एचपीची मोटर जळाली. चार माणसं लावून वर काढली आणि आधी आमच्या नेहमीच्या दुकानात नेली (नाव नाही घेत). त्याने मोटर उघडायच्या आधीच आबांना सगळ्यांसमोर सुनावलं, प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) डायरेक्ट करता अन मग बोंबलत येता. आबा सत्तरीचे, तापले, मोटर परत पिकअपमध्ये.

आता खरं सांगू का, तो बरोबरच बोलत होता. रात्रीच्या लाईटीत एक फेज गेला की प्रिव्हेंटर ट्रिप मारतो, मग अंधारात बॅटरी घेऊन शेतात कोण जाईल, म्हणून आबांनीच तो काढलेला. मीपण दोन वर्षं हेच सांगतोय, फक्त ओरडून.

मग या मिस्तरीकडे गेलो. "काय व्हयनं? बठा आबा, पयले पानी प्या." बस. आबा वीस मिनिटं लाईटवाल्यांना, वायरला, मोटरच्या कंपनीला, सगळ्यांना शिव्या देत होते, हा माणूस हूं हूं करत बोल्ट खोलतोय. वायंडिंग बाहेर काढलं आणि काही न बोलता आबांच्या समोर ठेवलं. तीनपैकी दोन फेजचे गट काळे, वायरचं प्लास्टिक वितळलेलं, तिसरा गट मात्र जसाच्या तसा. म्हणजे मोटर दोन फेजवर चालत राहिली, त्या दोघांवर करंट पावणेदोन पटीच्या आसपास गेला आणि बसली जळून. हे त्याने नंतर सांगितलं, आधी फक्त विचारलं, "तुमच्याकडे रात्रीची लाईट कितीला येते आबा?" आबांनी स्वतःच सगळं कबूल केलं भो! मी बघतच राहिलो.

तो म्हणे, झोप मोडते ते खरंच आहे, सिमवालं मोबाईल स्टार्टर मिळतं, ट्रिप झाली की फोन येतो, पण घाई नाही, आधी पाणी चालू होऊ द्या. विकायची अजिबात गडबड नाही. पंधरा दिवसांनी आबा एकटे जाऊन स्टार्टर घेऊन आले, प्रिव्हेंटरपण परत बसवला.

एक स्टार मात्र कापतोय. दोन दिवस सांगून चार दिवस लावले, कारण प्रत्येक गिऱ्हाईकाचं तो असंच ऐकत बसतो, तोवर शेजाऱ्याच्या पाण्यावर बाग जगवली. बिल साडेपाच हजार, सांगितलं तेवढंच घेतलं. जायचं तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर ओट्यावर मोटरांची रांग लागते.

घरी येऊन मीपण आबांशी जरा हळू आवाजात बोलून पाहिलं, तर म्हणे, "काय रे, पैसे पाहिजेत का?"