घरच्या पिनबॉलला वायरलेस हेडफोन: कोणता चालतो, कोणता मागे पडतो

पिनबॉलच्या मशीनला, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर स्टीलचा बॉल उडवत ठेवायच्या खेळाच्या पेटीला, दोन आवाज असतात, आणि हेडफोन घ्यायला निघालेला माणूस त्यातला एकच धरून चालतो. पहिला स्पीकरमधला: संगीत, निवेदकाची आरडाओरड, जॅकपॉटचा जल्लोष. दुसरा लाकडातला: बॉल मारणाऱ्या फ्लिपरच्या कॉइलचा ठक्क, बॉल परत भिरकावणाऱ्या पॉप बंपरचा तडाखा, फुकट गेम लागला की नॉकरने कॅबिनेटला दिलेला ठोसा. हेडफोनने पहिला आवाज कानात येतो, दुसरा मात्र घरभर फिरतच राहतो. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला खालचे काका जिना चढून येतात ते या दुसऱ्यासाठी. पूर्व भागात, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतो, तिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

हेडफोन कोणता घ्यायचा हेसुद्धा हा लाकडातला आवाजच ठरवतो. टीव्हीवर ओठ आणि शब्द यांत शंभरेक मिलिसेकंदांचा फरक पडला तरी डोकं ते चालवून घेतं. पिनबॉलमध्ये एकाच घटनेचे दोन आवाज होतात. बॉल टार्गेटवर आपटल्याचा ठक्क हवेतून आणि हाताखालच्या लाकडातून लगेच पोचतो, आणि त्याच फटक्याचा इलेक्ट्रॉनिक आवाज वायरलेसच्या वाटेने मागून येतो. भजनात टाळ एकीकडे आणि मृदंग दुसरीकडे पळावा तसं होतं. म्हणून इथे बास किती घुमतो, नॉइज कॅन्सलेशन आहे का, हे प्रश्न दुय्यम. आधी उशीर किती ते बघायचं. आमचा अंदाज असा: ४० मिलिसेकंदांपर्यंत खेळ बिघडत नाही, ८० ला खटकायला लागतं, १५० च्या पुढे हेडफोन काढून ठेवावासा वाटतो.

साधं ब्लूटूथ इथेच बाद होतं. ३.५ मिलिमीटरची पिन असलेला स्वस्त ट्रान्समीटर आणि घरातले इअरबड जोडले की दोघं एसबीसी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) बोलतात, आणि उशीर साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांत जातो. सेकंदाला २ मीटरने धावणारा बॉल २०० मिलिसेकंदांत ४० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. नेहमीच्या मशीनचं प्लेफील्ड, म्हणजे बॉल धावतो ती फळी, लांबीला मीटरभराहून थोडं जास्त. म्हणजे वरच्या रॅम्पचा आवाज कानात पडेपर्यंत बॉल अर्ध्या वाटेवर खाली आलेला. इअरबडच्या डब्यावर गेमिंग मोडचा जो आकडा छापतात तो बहुतेक फोनशी जोडून काढलेला असतो. मध्ये ट्रान्समीटर आला की त्याचा स्वतःचा वेळ वर चढतो. त्या आकड्यावर विसंबून खरेदी करू नका.

ॲप्टएक्स लो लेटन्सी हा ब्लूटूथमधला चालणारा पर्याय, उशीर साधारण ४० मिलिसेकंद. पण अट अशी की ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हीकडे हाच कोडेक हवा. एकाकडे नसेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात आणि तुम्हाला वाटतं वस्तूच खराब निघाली. नुसतं ॲप्टएक्स किंवा ॲप्टएक्स एचडी लिहिलेलं चालत नाही. नवीन हेडफोनवर ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह असतं, तेही जुन्या लो लेटन्सीशी जुळत नाही. ॲपलचे हेडफोन ॲप्टएक्सच्या कुठल्याच प्रकाराला ओळख देत नाहीत. त्यामुळे एकाच कंपनीची जोडी म्हणून विकलेला संच घ्यावा, आणि ट्रान्समीटरवर कोणता कोडेक लागला ते दाखवणारा दिवा असलेला घ्यावा. ही जोडी पास, पण काठावर.

टीव्हीसाठीचे डॉकवाले हेडफोन, उदाहरणार्थ सेनहायझरचा आरएस १७५, हे ब्लूटूथ नव्हेत. २.४ गिगाहर्ट्झवर त्यांची स्वतःची पद्धत चालते, आणि अशा जोड्यांचा उशीर साधारणपणे २० ते ४० मिलिसेकंदांत बसतो. डबा उघडला की जोडी आधीच जुळलेली, वीज जाऊन आली तरी पुन्हा पेअरिंगची कटकट नाही. आरएस १७५ मध्ये एएए आकाराच्या रिचार्जेबल बॅटऱ्या असतात. दोन-तीन वर्षांनी दम गेला की बदलता येतात. हेडफोनच्या पोटात चिकटवलेली लिथियम बॅटरी गेली तर अख्खी वस्तू जाते, हा फरक मोठा. घरात एकच मशीन आहे आणि फार खटपट नको, त्यांनी इथेच थांबावं. जुने ॲनालॉग एफएम हेडफोन कुणाच्या माळ्यावर पडले असतील तर तेही लावून बघा. उशीर जवळपास शून्य, फक्त शांत क्षणी मागे सूं आवाज राहतो.

यूएसबी डोंगलवाले गेमिंग हेडसेट घेताना बरेच जण फसतात. त्या डोंगलला समोर कॉम्प्युटर किंवा कन्सोल लागतो. पिनबॉल मशीनच्या आत यूएसबी सॉकेट दिसलं तरी ते सॉफ्टवेअर भरण्यासाठी असतं, त्यातून आवाज बाहेर येत नाही. व्हर्च्युअल पिनबॉल, म्हणजे आडवा टीव्ही आणि आत विंडोज कॉम्प्युटर असलेलं कॅबिनेट, त्याला मात्र हाच डोंगल सगळ्यात सोयीचा. त्यावर चालणाऱ्या व्हिज्युअल पिनबॉल या प्रोग्रॅमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये प्लेफील्डचा आवाज आणि संगीत यांना वेगवेगळं साउंड डिव्हाइस देता येतं, आणि रॉमचा, म्हणजे मूळ मशीनच्या सॉफ्टवेअरचा, आवाज विंडोजच्या डिफॉल्ट डिव्हाइसवर जातो. डोंगल डिफॉल्ट ठेवायचा, आणि बॉलचा घरंगळता आवाज कॅबिनेटच्या एक्सायटरवर (लाकूडच थरथरवून आवाज काढणारा स्पीकर) सोडायचा की तोही कानात घ्यायचा हे शेजारी बघून ठरवायचं.

उशिराच्या कसोटीवर पहिला नंबर अनपेक्षित वस्तूचा लागतो: स्टेजवर गायक कानात घालतात ते वायरलेस इन-इअर मॉनिटर. एक्सव्हाइव्ह कंपनीच्या यू४ चा उशीर ५ मिलिसेकंदांच्या आत. स्पीकरपासून एक मीटरवर उभं राहिलं तरी हवेतून आवाज यायला ३ मिलिसेकंद लागतातच, म्हणजे फरक नसल्यात जमा. आवाज मोनो आहे. पण १९९० ते १९९८ मधल्या विल्यम्स-बॅली कंपनीच्या डब्ल्यूपीसी बोर्डवाल्या मशीन मुळातच मोनो, त्यांचं काही जात नाही. स्टर्न आणि जर्सी जॅक या कंपन्यांच्या आताच्या मशीनवर स्टिरिओ गमवावा लागतो. बॅटरी पाचेक तास. रिसीव्हर कमरेला अडकवायचा आणि आपला नेहमीचा वायरचा हेडफोन त्यात खोचायचा. वस्तू महाग आहे, त्यामुळे ऑर्केस्ट्राला किंवा मंडळांना साउंड पुरवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून असला संच एका संध्याकाळपुरता आणून आधी ऐकावा.

घरी उशीर मोजायला फोन आणि कॉम्प्युटर पुरतात. मशीनचा स्पीकर बारीक चालू ठेवा, हेडफोनचा एक कप फोनच्या माइकला टेकवा, रेकॉर्डिंग लावा आणि टेस्ट मेनूमधून एखादा तुटक आवाज वाजवा. फाइल कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की दोन उंच टोकं दिसतात. त्यांच्यातलं अंतर म्हणजे उशीर. पाच वेळा वाजवून पाहा, कारण ब्लूटूथचा उशीर दर वेळी थोडा हलतो.

आता जोडणी. जर्सी जॅकच्या मशीनला हेडफोनचं सॉकेट कंपनीकडूनच येतं, तिथे ट्रान्समीटर खोचला की काम झालं. बाकीच्यांना स्पीकरच्या तारेवरून सिग्नल घ्यावा लागतो, आणि मशीन जळते ती इथेच. आजच्या बऱ्याच मशीनमधले ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे स्पीकरची मायनस तार जमिनीला जोडलेली नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. हेडफोनच्या सॉकेटचा कॉमन तिला लावला आणि ट्रान्समीटर दुसरीकडून अर्थ झालेला असला की आउटपुट शॉर्ट. ओळखायची रीत सोपी: मशीन चालू असताना मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरची मायनस आणि कॅबिनेटची अर्थ पट्टी यांत मोजा. काही व्होल्ट दिसले तर ब्रिज समजा. शून्य दिसलं तरी खात्री धरू नका, सरळ ट्रान्सफॉर्मरवाला हाय-लो कन्व्हर्टर लावा. गाडीच्या स्टिरिओवरून ॲम्प्लिफायरला सिग्नल द्यायला जो वापरतात तोच. कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतो आणि हजाराच्या आत काम होतं.

प्लग भिंतीतून काढा, नुसतं स्विच बंद करून भागत नाही. कपॅसिटर उतरायला काही मिनिटं द्या. मग कॉइन डोअर (समोरचं नाण्यांचं दार) उघडून काच धरून ठेवणारा लॉकडाउन बार काढा, काच सरकवा, प्लेफील्ड उचलून टेकवा. कॅबिनेटच्या तळाशी मोठा स्पीकर दिसेल, बाकीचे वर बॅकबॉक्समध्ये, म्हणजे मागच्या उभ्या पेटीत. फक्त बॅकबॉक्सच्या छोट्या स्पीकरवरून तार घेतली तर कानात नुसती किणकिण येते, फक्त खालच्यावरून घेतली तर काही मशीनवर नुसता घुमारा. क्रॉसओव्हरच्या (बास आणि बारीक आवाज वेगळे करणारा भाग) आधी, ॲम्प्लिफायरच्या कनेक्टरपाशी तार घ्या. डाव्या-उजव्या चॅनलच्या दोन मायनस तारा एकत्र कधीच बांधू नका. हाय-लो कन्व्हर्टरचा पातळी ठरवणारा स्क्रू सगळ्यात खाली ठेवून सुरुवात करा आणि मल्टिबॉलच्या (एका वेळी अनेक बॉल खेळात असतानाच्या) गोंगाटात आवाज फाटायच्या आधी थांबा.

आवाज बंद करायला मशीनचा व्हॉल्यूम शून्य केला तर स्पीकरच्या तारेवरचा सिग्नलही शून्य होतो, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येतं. म्हणून प्रत्येक स्पीकरच्या प्लस तारेत स्विच हवा. दोन-तीन पोलचा एकच टॉगल कॉइन डोअरच्या आत बसवला की एका बोटाने स्पीकर बंद, हेडफोन चालू.

ट्रान्समीटरला वीज वेगळ्या ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवरून द्या. मशीनच्या १२ व्होल्टवरून स्वस्त कन्व्हर्टरने ५ व्होल्ट काढले की कॉइल उडताना प्रत्येक वेळी कानात टिक ऐकू येते. पॉवर बँकेवर भूल पडते: ट्रान्समीटर इतका कमी करंट ओढतो की बँक स्वतःच बंद होते, तेही बॉल खेळात असताना. चार्जर लावल्यावर ५० हर्ट्झची घुरघुर आली तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. तरीही उन्हाळ्यात घुरघुर वाढत असेल तर घराचं अर्थिंग तपासा. आपल्याकडची काळी माती मार्च-एप्रिलमध्ये वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं नसेल तर रोध चढतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळायचं तर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. स्क्वेअर वेव्हवर जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीन स्वतःच गुणगुणतात आणि ते हेडफोनमध्ये जसंच्या तसं येतं.

ट्रान्समीटर बॅकबॉक्समध्ये बोर्डांच्या लोखंडी पत्र्याजवळ ठेवू नका, कॉइन डोअरच्या पत्र्यालाही चिकटवू नका. कॅबिनेटच्या प्लायवूडच्या बाजूला, खेळणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर वेल्क्रोने बसवला की एक मीटरचं अंतर उरतं आणि मध्ये फक्त लाकूड. राउटर त्याच खोलीत असेल तर घरचे फोन ५ गिगाहर्ट्झवर हलवा, नाहीतर कुणी व्हिडिओ लावला की आवाज तुटतो.

लाकडातल्या आवाजाला हेडफोनचा इलाज नाही. पायांखाली सोलापुरी चादरीची घडी घालायचा मोह होतो, चादर घरात असतेच. पण पाय घडीत कमी-जास्त रुततात, ६.५ अंशांचा उतार बिघडतो आणि बॉल एका बाजूला ओढायला लागतो. प्रत्येक पायाखाली कडक रबराची वाटी ठेवा, मग लेव्हल पुन्हा लावा. नॉकर मेनूतून किंवा त्याचा कनेक्टर काढून बंद करता येतो. आणि १९७० च्या दशकातली घंटा-चाइमवाली इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीन असेल तर हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही, तिच्यात स्पीकरच नसतो.

वायरलेसच का, असं कुणी विचारलं तर उत्तर अर्धंच आहे. माणूस एकाच जागी उभा असतो, गुंडाळी पडणारी वायर आणि छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर लावला तर उशीर शून्य आणि खर्च सगळ्यात कमी. फक्त मशीनला धक्का देऊन खेळणाऱ्याची वायर प्लंजरला (बॉल सोडायच्या दांड्याला) अडकते आणि सॉकेट सैल होतं. अलगद खेळणाऱ्याने वायरच घ्यावी.

राहता राहिला एप्रिल-मे. ४२ अंशांत कान झाकणाऱ्या हेडफोनच्या गाद्या घामाने भिजतात, आणि रेक्झिनच्या गाद्यांचे एक-दोन उन्हाळ्यांत पापुद्रे निघतात. कापडी गादी बदलून मिळणारं मॉडेल निवडा. नाहीतर टेरी टॉवेलचे वीतभर व्यासाचे दोन गोल कापा, कडेला इलॅस्टिक ओवा आणि गाद्यांवर चढवा. आठवड्याला धुता येतात. कापड पातळ घ्या, जाड टॉवेलाने कप कानापासून दूर जातो आणि बास पळतो.