मरून फाइव्हचे ‘मेमरीज’ : दहा महिने ऐकल्यानंतर

लॉस एंजलिसच्या मरून फाइव्ह या बँडचे ‘मेमरीज’ हे गाणे सप्टेंबर २०१९मध्ये आले आणि अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्या दिवसांत ते कॅफेत, टॅक्सीत आणि लोकांच्या सहलींच्या व्हिडिओंत इतक्या वेळा कानांवर पडले, की मी ते लक्ष देऊन कधी ऐकलेच नाही. ३ डिसेंबर २०२४ रोजी हा बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गायला. मी गेलो नव्हतो, परंतु त्या निमित्ताने गाणे पुन्हा समोर आले. वसतिगृहातला माझा खोलीसोबती त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वारला होता आणि हे गाणे गेलेल्या माणसांच्या आठवणीचे आहे, त्यामुळे या खेपेस ते निराळे वाटले. तेव्हापासून दहा महिने मी ते लोकलमध्ये हेडफोनवर, घरी स्पीकरवर, गिटारवर आणि एकदा मित्रांच्या बैठकीत असे सर्व प्रकारे वापरून पाहिले आहे.

हे गाणे टिकते ते त्याच्या तळातील स्वरांमुळे. योहान पाखेलबेल या सतराव्या शतकातील जर्मन संगीतकाराच्या ‘कॅनन’ या प्रसिद्ध वाद्यरचनेचा पाया येथे जसाच्या तसा घेतला आहे. आपल्या भाषेत सांगायचे, तर सा प ध ग म सा म प हे आठ शुद्ध स्वर खालून एकामागून एक येत राहतात आणि शेवटचा पंचम पुन्हा षड्जाकडे ओढतो, म्हणून आवर्तन संपल्यासारखे वाटतच नाही. मूळ रचनेत हे आवर्तन २८ वेळा येते. तबल्याच्या एकलवादनात लेहरा, म्हणजे साथीला वाजणारी तीच ती सुरावट, जसा न बदलता चालू राहतो आणि त्याच्या भरवशावर तबलावादक हवे तेथे जाऊन येतो, तसेच काहीसे हे आहे. फरक असा, की पाखेलबेलची व्हायोलिने त्या लेहऱ्यावर खरोखर दूरवर फिरून येतात, आणि ‘मेमरीज’चा गायक अॅडम लेव्हीन मात्र फारसा जागचा हलत नाही. पहिल्या महिन्यात हे मला उणेपण वाटले होते. आता वाटत नाही. गेलेल्या माणसाविषयी आपण बोलतो तेव्हा तीच तीन-चार वाक्ये पुन्हा पुन्हा बोलत असतो.

गिटार शिकणाऱ्यांसाठी हे गाणे सोयीचे आहे. मूळ षड्ज पांढरी सातचा, म्हणजे पाश्चात्त्य ‘बी’ स्वराचा, असल्याने गिटारच्या चौथ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जी, डी, ई मायनर, बी मायनर, सी, जी, सी, डी असे कॉर्ड वाजवले, की काम भागते. या क्रमात चौथा येणारा बी मायनरचा बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून वाजवायचा) मला स्वच्छ वाजवायला सहा आठवडे लागले. तेवढे जमल्यावर मात्र दहा मिनिटे न थांबता वाजवत बसता येते, आणि शब्द न गाताही ते पुरेसे होते.

शब्दांच्या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. पेला उंचावून उपस्थितांची आणि वाटेत निसटलेल्यांची आठवण काढण्याची सुरुवात चांगली असली, तरी ती पुष्कळ वेळा येते. पहिल्या कडव्यात कुणी नाव घेताच मन डिसेंबरसारखे होते, अशी उपमा आहे. ती मला कित्येक आठवडे लागू पडली नाही, कारण आपल्याकडचा डिसेंबर म्हणजे हुरडा, लग्नसराई आणि सकाळची सुखाची थंडी. हे गाणे ज्याच्यासाठी लिहिले गेले, तो लेव्हीनचा बालमित्र आणि बँडचा व्यवस्थापक जॉर्डन फेल्डस्टीन डिसेंबर २०१७मध्ये वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारला, हे कळले तेव्हा ती ओळ उलगडली. माझ्या कानांना अजूनही तिथे आषाढ ऐकू येतो, हा भाग वेगळा. शेवटाकडची शब्दहीन गुणगुण मात्र लवकर शिळी होते.

बैठकीतील प्रयोग पूर्णपणे फसला. खोलीसोबत्याच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतरच्या शनिवारी आम्ही सहा जण पुण्यात जमलो होतो आणि मी हे गाणे मोठ्या स्पीकरवर लावले. ते मैफलीत पेला उंचावण्याचे गाणे असल्यामुळे चपखल बसेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात सगळे गप्प झाले, एकाने मोबाइल काढला, दुसरा बर्फ आणायला उठला. ऐकणारा एकटा असेल आणि आवाज कमी असेल, तरच हे गाणे जवळ येते. त्याचा व्हिडिओही तसाच आहे: संपूर्ण वेळ अंधारात केवळ लेव्हीनचा चेहरा. तो एकदा पाहावा. वारंवार पाहण्यासारखे त्यात काही नाही.

फेल्डस्टीनच्याच टोपणनावाने २०२१मध्ये आलेल्या ‘जॉर्डी’ या अल्बममध्ये याच गाण्याची दुसरी आवृत्ती आहे. तिच्यात मार्च २०१९मध्ये गोळीबारात मारला गेलेला रॅपर निप्सी हसल ऐकू येतो. ती मी दोनदा ऐकली. रॅप चांगले असले, तरी तळाचे ते आठ स्वर त्याखाली दबून जातात, म्हणून मूळ आवृत्तीकडे परतलो.

सध्या आठवड्यातून एकदा, बहुधा रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये, मी ते लावतो आणि गुणगुण सुरू होण्याआधी बंद करतो. बैठकीतल्या त्या बर्फ आणायला उठलेल्या मित्राने मात्र मागच्या महिन्यात मला विचारले, की कॅपो कोणत्या पट्टीवर लावायचा.