लंडन की पॅरिस? बेताच्या पैशांत एकच शहर करायचं असेल तर

मोठं शहर बघायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. एकाला लंडन हवं असतं, दुसऱ्याला पॅरिस. मग कोणीतरी तोडगा काढतं, "दोन्ही करू की, मध्ये ट्रेन आहेच!" ती युरोस्टार सव्वादोन-अडीच तासांत पोचवते हे खरं. पण दोन्ही म्हणजे दोन वेगळे व्हिसा, दोन चलनं, दोन ठिकाणचं राहणं, आणि उशिरा काढलं तर विमानाला लाजवेल असं ट्रेनचं तिकीट. हातात सात-आठ दिवस आणि मोजके पैसे असतील तर हा तोडगा मी कोणालाही सुचवत नाही. एकच शहर करा आणि निवांत करा.

कोणतं करावं, याचं उत्तर 'जास्त महाग कुठलं' या प्रश्नात सापडत नाही. महाग दोन्ही आहेत. खिशाला भोक कुठे पडतं, ते मात्र वेगळं आहे. लंडनमध्ये राहण्याला आणि प्रवासाला पैसे जातात, पण मोठमोठी संग्रहालयं फुकट बघता येतात. पॅरिसमध्ये फिरायला फार पैसे लागत नाहीत, तिकीट खिडकीपाशी मात्र भरपूर लागतात. बरोबर कोण आहे आणि कुठल्या सुट्टीत निघताय, यावर कुठलं भोक तुम्हाला परवडेल ते ठरतं.

व्हिसा: मुलं असतील तर इथेच मोठा फरक

ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क एप्रिल 2025 मध्ये 127 पौंड झालं. आजोबा असोत की तान्हं बाळ, दर एकच. पॅरिससाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा पूर्ण ते बाराच्या आतल्या मुलांना 45, आणि सहाच्या आतल्यांना काहीच नाही. आई-बाबा आणि आठ नि अकरा वर्षांची दोन मुलं धरा. या दरानं लंडनचे 508 पौंड होतात, पॅरिसचे 270 युरो. त्यात पौंड युरोपेक्षा महाग, म्हणजे रुपयांत फरक दुपटीहून जास्त. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क दोन्हीकडे वरून लागतं, आणि नकार आला तर शुल्क परत मिळत नाही, म्हणून कागदपत्रांत घाई नको.

शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. ब्रिटनला तशी सक्ती नाही. तरी तो काढाच, तिथे काटकसर करू नका. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधी. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, त्यामुळे हा जास्तीचा वेळ फार कामाला येतो.

विमानाबद्दल एवढंच, की मुंबईहून दोन्हीकडे थेट विमानं आहेत, लंडनला जास्त. भाड्यातला फरक शहरापेक्षा तारखांवर ठरतो.

राहणं आणि फिरणं वेगवेगळं मोजू नका

बहुतेकांचा हिशेब इथे चुकतो. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून लांबचं घेतात आणि वाचलेले पैसे रोजच्या प्रवासात घालवतात.

लंडनमध्ये मेट्रोचं भाडं झोनवर ठरतं. झोन 1 म्हणजे मध्य, आणि जसजसे बाहेर जाल तसतसं भाडं वाढतं. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर हे लंडनचं प्रवासकार्ड टेकवलं की दिवसभराच्या भाड्याला एक कमाल मर्यादा लागते, सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही लागते. ही मर्यादासुद्धा लांबच्या झोनला जास्त. म्हणून स्वस्तात राहायचं तर झोन 2 किंवा 3 च्या पलीकडे जाऊ नये, असं माझं मत आहे. स्ट्रॅटफर्ड त्यासाठी चांगलं, तिथून बऱ्याच मार्गिका मिळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनची काही विद्यापीठं वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. खोली साधी असते, पण जागा इतकी मध्यवर्ती की त्या पैशात हॉटेल मिळत नाही. दोघांनी जायचं असेल तर हे आधी तपासा.

पॅरिसमध्ये 1 जानेवारी 2025 पासून भाड्याची रीतच बदलली. मेट्रो आणि उपनगरी रेल्वेला आता साधारण अडीच युरोचं एकच तिकीट, मग तुम्ही शहराच्या मधोमध असा की पार कडेला. फक्त विमानतळाचं तिकीट वेगळं आणि महाग आहे. जुन्या प्रवासवर्णनांत 'झोन एकच्या बाहेर राहू नका' असं वाचलं असेल, तो सल्ला आता विसरा. वॅन्सेन किंवा माँत्रॉइसारख्या, शहराला चिकटून असलेल्या गावांत राहिलात तर खोली स्वस्त पडते आणि भाडं एक सेंटही वाढत नाही. पॅरिसमध्ये माणशी, रोज रात्रीचा पर्यटक कर असतो. बुकिंगच्या किमतीत तो पुष्कळदा धरलेला नसतो आणि काउंटरवर मागतात. अठरा वर्षांखालच्यांना तो माफ आहे.

आता वाराची गोष्ट. पॅरिसचा नॅव्हिगो आठवडी पास सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. किंमत बत्तीस युरोंच्या आसपास, आणि त्यात दोन्ही मोठ्या विमानतळांचा नि व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंतचा प्रवाससुद्धा येतो. विमानतळाच्या नुसत्या जाण्यायेण्यालाच पंचवीस युरोंच्या वर जातात. म्हणजे पास घेतल्यावर आठवडाभराचं फिरणं जवळजवळ नावापुरत्या पैशांत होतं. वर कार्डाचे पाच युरो आणि एक छोटा फोटो लागतो, तो घरूनच न्या. आम्ही पॅरिसला गुरुवारी उतरलो होतो. पास अर्धा वाया जाणार म्हणून घेतला नाही आणि सगळ्यांची सुटी तिकिटं काढत बसलो. विमान चार दिवस पुढे ढकललं असतं तर चौघांचे मिळून एका चांगल्या जेवणाचे पैसे वाचले असते. लंडनचीही आठवड्याची मर्यादा सोमवारीच सुरू होते. तेव्हा कुठेही जा, रविवारी रात्री निघा आणि सोमवारी सकाळी उतरा.

मुलांच्या भाड्यात मात्र लंडन पुढे आहे. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर मेट्रोत फुकट, बसमध्येही फुकट. अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांच्या ऑयस्टर कार्डावर स्टेशनवरचे कर्मचारी सवलत घालून देतात, ती मागून घ्यावी लागते. पॅरिसमध्ये चार वर्षांपुढे तिकीट सुरू, दहाच्या आत असेल तर निम्मं.

हीथ्रोवरून शहरात येताना झटपट नेणारी एक्सप्रेस गाडी समोर दिसते. तिला नमस्कार करून पिकॅडिली लाइन पकडा. तासभर लागतो आणि पैसे फार वाचतात. शहरात बसचं भाडं 1.75 पौंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच. बसमध्ये रोख रक्कम 2014 पासून घेत नाहीत. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला कॉन्टॅक्टलेस वापर सुरू आहे ना, ते बघा.

बघण्यासारखं: फुकट म्हणजे केवढं फुकट

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. या सगळ्यांचे कायमचे संग्रह बघायला एक पैसा लागत नाही. खास प्रदर्शनांनाच तिकीट असतं. यातला मोठा फायदा पैशांहून वेगळा आहे. तिकीट नसलं की माणूस तासभर बघून बाहेर पडू शकतो. मुलं कंटाळली, बाहेर बागेत गेलात, उद्या परत आलात, कोणाला काही वाटत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये एका सकाळी फक्त रोझेटा शिला आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघून आम्ही निघालो, आणि आमच्या घरात अजून त्या शिल्पांबद्दल बोलणं होतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा प्रसिद्ध लाकडी वाघ आहे. तिथली वाघनखं बघायची मनात असेल तर ती जुलै 2024 पासून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत, त्यासाठी लंडन नको.

कोहिनूर मात्र टॉवर ऑफ लंडनमध्येच आहे आणि तिथलं मोठ्यांचं तिकीट तीस पौंडांच्या वर आहे. एवढं एकच महाग तिकीट काढायचं असेल तर हे काढा. सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबीलाही जबर तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही जाऊन बसू शकतं. आतून ती वास्तू बघायची आणि समूहगायन ऐकायचं, दोन्ही होतं. प्रार्थना आहे हे लक्षात ठेवून शांत बसायचं आणि कॅमेरा पिशवीत ठेवायचा.

पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयानं जानेवारी 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या, म्हणजे आपल्यासारख्या पर्यटकांसाठी तिकीट 32 युरो केलं. एवढे पैसे भरले की माणूस ते 'वसूल' करायला जातो. चार तास पायांची लाकडं होईपर्यंत चालतो आणि शेवटी मोना लिसासमोरच्या गर्दीत वैतागतो. पण अठरा वर्षांखालच्यांना लूव्र फुकट आहे, ओर्से हे कला संग्रहालयही फुकट. म्हणजे दोन मोठे आणि दोन मुलं असतील तर तिकिटं दोनच. ओर्से महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट असतं, फक्त वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. हे न बघता गेलेली बरीच माणसं दारावरून परत येतात.

शहर पालिकेची संग्रहालयं मात्र पर्यटक विसरतात. पॅरिसचा इतिहास सांगणारं कार्नाव्हाले, पेती पॅले, शहराचं आधुनिक कला संग्रहालय, या तिन्हींचे कायमचे संग्रह फुकट आहेत. कार्नाव्हालेत फ्रेंच राज्यक्रांतीची दालनं आहेत, दहावीच्या आसपासचं मूल बरोबर असेल तर ती चुकवू नका. आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र दाम फुकट. आयफेल टॉवर लांबून बघायला अर्थातच फुकट, आणि वर जायचंच असेल तर दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना आहे, 674 पायऱ्या, लिफ्टपेक्षा बराच स्वस्त. गड चढणाऱ्यांना काहीच कठीण नाही.

पॅरिसचं खरं वैभव आयफेल ते नोत्र दाम हा नदीकाठ आहे. चार-साडेचार किलोमीटर चाला, एक संपूर्ण दिवस भरतो. मूळ पॅरिस अवघं 105 चौरस किलोमीटर आहे, बृहत् लंडन 1,572. त्यामुळे पायी फिरणाऱ्याला पॅरिस लवकर आपलंसं होतं.

मराठी माणसासाठी लंडनमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिची तुलना होऊ शकत नाही. किंग हेन्रीज रोडवरचं 10 क्रमांकाचं घर, जिथे डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनानं ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. पॅरिसमध्ये पेर लाशेझ या दफनभूमीत जे. आर. डी. टाटा चिरविश्रांती घेत आहेत. तिथेही प्रवेश मोफत आहे.

खाणं

शाकाहारी असाल तर लंडन निर्विवाद सोपं. वेम्बली, साउथॉल, यूस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट, कुठेही पोटभर मिळतं. सुपरमार्केटमधला सँडविच, पेय आणि खाऊ असा एकत्र 'मील डील' दुपारची सोय करतो. पॅरिसमध्ये बेकरी हीच आपली अन्नपूर्णा. शिवाय गार द्यु नॉर स्टेशनजवळच्या ला शापेलमध्ये श्रीलंकन तमिळ खानावळींत डोसा मिळतो, आणि मारे भागात फलाफल. तिथल्या हॉटेलात नळाचं पाणी फुकट मागता येतं, 'कराफ दो' एवढे दोन शब्द पाठ करा, नाहीतर बाटलीचे पैसे लागतात. घरून चटणी, मेतकूट न्या. दूध-तुपाचे पदार्थ मात्र दोन्हीकडे आणायला बंदी आहे, बॅगेत ठेवू नका.

मे की दिवाळी?

हे मी शेवटी लिहितेय, पण निर्णय खरा इथे होतो. मे महिन्याच्या सुट्टीत पॅरिसला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. नदीकाठ, बागा, पूल, सगळं फुकट आणि भरपूर वेळ. 1 मेला बरंच काही बंद असतं, तेवढं टाळा. दिवाळीच्या सुट्टीत, विशेषतः ती नोव्हेंबरात आली तर, लंडनला साडेचारलाच अंधारतं, पाऊस असतो, आणि तेव्हा ती फुकटची उबदार संग्रहालयं देवासारखी भेटतात. त्याच पावसात पॅरिसला बहुतेक आडोशांचे पैसे मोजावे लागतील.

तेव्हा बारा वर्षांच्या आतली मुलं आणि मे महिना असेल तर मी पॅरिस म्हणेन. दोघंच असाल, कॉलेजमधली मुलं बरोबर असतील, किंवा दिवाळीत निघत असाल तर लंडन.

आणि आई-बाबा बरोबर असतील तर महिना कोणताही असो, लंडन. पॅरिसच्या मेट्रोत जिने फार, लिफ्ट असलेली स्टेशनं थोडी. लंडनमध्येही सगळीकडे लिफ्ट नाही, पण मेट्रोच्या नकाशावर पायऱ्या नसलेली स्टेशनं चिन्हानं दाखवलेली असतात, आणि बसमध्ये चढायला फळीचा उतार असतो. ट्राफल्गर चौकातून 15 नंबरच्या बसमध्ये त्यांना खालीच खिडकीशी बसवा. सेंट पॉल्सवरून टॉवरपर्यंत सगळं दिसतं, पावणेदोन पौंडांत.