अभ्यासिकेचं नेट वाटताना: आठ महिन्यांचा अनुभव

खानापुरात ४० खुर्च्यांची अभ्यासिका चालवतो. लाइन ५० एमबीपीएसची. संध्याकाळी सातला कुणी मोठी फाइल ओढायला घेतली की कोपऱ्यातून हाक ठरलेली, "काका, सरांचा आवाज तुटतोय!" म्हणून राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची हवी तशी बदलता येणारी मोफत प्रणाली) टाकलं आणि कुणाचं ट्रॅफिक पुढे सोडायचं, कुणाचं मागे, हे ठरवायच्या तऱ्हा एकेक करून पाहिल्या.

आधी पोर्ट नंबर, म्हणजे ट्रॅफिक कोणत्या सेवेचं ते सांगणारा पॅकेटवरचा आकडा. ते चार दिवसांत सोडले. लेक्चर, सिनेमा, बँकेचं पान, सगळं ४४३ वरूनच येतं.

मग डीपीआय, म्हणजे पॅकेटच्या आत डोकावणं. यावर माझा फार जीव होता, दोन महिने घातले. मजकूर एन्क्रिप्टेड असला तरी टीएलएसच्या (हे एन्क्रिप्शन जुळवणाऱ्या पद्धतीच्या) पहिल्या निरोपात साइटचं नाव सहसा उघडं असतं. एनडीपीआय नावाचं सॉफ्टवेअर ते वाचतं. ओळखायचंही बरोबर. पण यूट्यूब आहे एवढं कळून मी करू काय? केपीएससीचा (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा) तास यूट्यूबवर, शेजारच्या खुर्चीवरचं गाणंही यूट्यूबवर! वर राउटर धापा टाकायचा तो वेगळाच.

कनेक्शननं १० एमबी ओलांडले की मागच्या रांगेत, हा नियम स्वस्त आणि डाउनलोडवाल्यांना नेमका पकडतो. पण व्हिडिओ कॉलही एक-दोन मिनिटांत तेवढे ओलांडतो. एका मुलीची सराव मुलाखत त्यात सापडली आणि मी तिची बोलणी खाल्ली, खाल्लीच पाहिजे होती. डीएससीपीच्या खुणा, म्हणजे पॅकेटवरच्या 'हे आधी सोडा' अशा चिठ्ठ्या, आपल्याकडून जाणाऱ्यावर लावता येतात, बाहेरून येणाऱ्यांवर भरवसा नाही. वाटेत पुसल्या जातात.

आता पाच महिने केक आहे, म्हणजे राउटरवरची रांग सांभाळणारा प्रोग्राम. लिनक्सच्या कर्नलमध्ये तो ४.१९ पासून, २०१८ पासून आलेला. काय चाललंय हे विचारतच नाही, कोण ओढतंय ते बघतो. मागणी असेल त्या प्रत्येक आयपीला, म्हणजे उपकरणाच्या पत्त्याला, सारखा वाटा. टोरंटवाल्यानं २०० कनेक्शनं उघडली तरी वाटा एकाचाच. मात्र सेटिंगमध्ये 'नॅट' टाकायला विसरू नका. नाहीतर बाहेरच्या बाजूनं अख्खी अभ्यासिका एकच आयपी दिसते. मी पंधरा दिवस विसरलो होतो आणि शिव्या केकला घालत होतो. फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडले की दोन वाटे मिळतात, हे पोरांना अजून उमगलेलं नाही. कृपया सांगू नका.

दुखणं आहे ते आकड्याचं, म्हणजे लाइनचा वेग किती धरायचा हे केकला सांगावं लागतं त्याचं. मी ४५ लावलाय, लाइनपेक्षा थोडा कमी, म्हणजे रांग माझ्याच राउटरवर लागते. पण पावसाळ्यात आमची ५० ची लाइन २५ वर येते, तेव्हा रांग माझ्या राउटरवर लागायची ती लाइनवाल्याकडे लागते आणि सगळी हुशारी वाया जाते. फोन केला तर उत्तर तेच, "सर, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम असेल." मग मुकाट्यानं आकडा हातानं २२ वर आणतो. तो आपोआप हलवणारी केक-ऑटोरेट स्क्रिप्ट उतरवून ठेवलीय, गणपतीच्या सुट्टीत अभ्यासिका बंद असेल तेव्हा लावीन.