क्रिस्टल हातात हवा की बीम? चुंबकीय क्वांटम पदार्थांवर पीएचडी करण्याआधी

एम.एस्सी. झालं, नेट-जेआरएफ निघाली आणि त्याच आठवड्यात फ्रान्समधल्या ग्रनोबल किंवा जर्मनीतल्या हाम्बुर्गहून मुलाखतीचा मेलही आला. भारतात राहा की परदेशी जा, विषय दोन्हीकडे तोच: एक्स-रे स्कॅटरिंग (पदार्थावर टाकलेले एक्स-रे कसे विखुरतात ते पाहणं) वापरून चुंबकीय क्वांटम पदार्थ, म्हणजे ज्यांचे चुंबकीय गुण इलेक्ट्रॉनच्या क्वांटम वागण्यावर ठरतात असे पदार्थ, समजून घ्यायचे. घरचे म्हणतात, यात विचार काय करायचा, सरळ परदेश गाठ. मला ते इतकं सरळ वाटत नाही. पदवी दोन्हीकडे पीएचडीचीच मिळते, पण ती घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या हातातलं कसब वेगळं असतं.

आधी एक्स-रेच का, ते पाहू. चुंबकत्व मोजायचं तर न्यूट्रॉन हा जुना, भरवशाचा मार्ग. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तो कधीचाच रुळला आहे. कॅनडात न्यूट्रॉन स्कॅटरिंगचे प्रणेते ब्रॉकहाउस यांच्याकडे शिकून आलेल्या पी. के. अय्यंगारांनी तिथे या कामाची घडी बसवली आणि १९८५ साली सुरू झालेली ध्रुव अणुभट्टी त्यासाठी न्यूट्रॉन पुरवते आहे. एक्स-रे मात्र चुंबकत्वाला फारशी दाद देत नाहीत. नेहमीच्या सिग्नलपुढे चुंबकीय सिग्नल दहा लाखांत एक भाग, इतका क्षीण. १९७२ साली द बर्जेव्हँ आणि ब्रुनेल यांनी निकेल ऑक्साइडमध्ये तो पहिल्यांदा टिपला, तोही ग्रनोबलमध्येच, साध्या एक्स-रे ट्यूबवर. पुढे सिंक्रोट्रॉन, म्हणजे वर्तुळात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनपासून प्रखर एक्स-रे देणारी यंत्रं, आले आणि एक युक्ती हाती लागली. एक्स-रेची ऊर्जा चुंबकीय अणूच्या शोषणाच्या कडेवर, म्हणजे जिथे तो अणू एकदम जास्त एक्स-रे शोषू लागतो त्या ऊर्जेवर, अचूक बसवली की चुंबकीय सिग्नल कित्येक पटींनी वाढतो.

ही युक्ती कुठे कामी येते, हे स्ट्रॉन्शियम इरिडेटवरून छान कळतं. इरिडियम न्यूट्रॉन गिळून टाकतं आणि या पदार्थाचे क्रिस्टलही बारीक निघतात. न्यूट्रॉनने चुंबकीय लहरी मोजायच्या तर सहसा ग्रॅमच्या हिशेबात नमुना लागतो. एक्स-रेचा झोत मात्र काही मायक्रॉनवर आणता येतो, त्यामुळे मिलिमीटरभराची चकतीही पुरते. इरिडियमची अशी एक शोषणाची कड, एल-३, ११.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते. तिच्यावर रिक्स, म्हणजे रेझोनंट इनइलॅस्टिक एक्स-रे स्कॅटरिंग (विखुरताना एक्स-रेंनी किती ऊर्जा गमावली ते मोजणं), करून २०१२ साली या पदार्थातल्या मॅग्नॉनचा, म्हणजेच चुंबकीय लहरींचा, पूर्ण आलेख मिळाला. न्यूट्रॉनची बाजूही सांगायला हवी. ते एका मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्याही आतलं सहज पाहतात, तर रिक्सची विभेदनक्षमता (किती लहान ऊर्जाफरक वेगळा दिसतो ते) अजून बहुतेक ठिकाणी काही दहा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात आहे. तुमचा प्रश्न लहान ऊर्जेचा असेल, तर एक्स-रेचा हट्ट धरू नका.

आता भारतातली पीएचडी. इथली खरी ताकद नमुना बनवण्यात आहे, आणि ती कमी लेखली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्लॅटिनमच्या क्रुसिबलमध्ये स्ट्रॉन्शियम क्लोराइडचा फ्लक्स, म्हणजे वितळून बाकीचे घटक विरघळवणारा क्षार, घालायचा, फर्नेस तापवायची आणि मग दिवसचे दिवस तासाला काही अंशांनी थंड होऊ द्यायची. शेवटी क्रुसिबल पाण्यात ठेवायचं. पांढरा फ्लक्स हळूहळू विरघळतो आणि तळाशी काळ्या, आरशासारख्या चकचकीत चकत्या दिसू लागतात. दहातल्या आठ बॅचमध्ये काहीच धड निघत नाही. पण ज्याला हे जमलं, त्याच्याकडे जगभरातले गट स्वतःहून येतात. कारण बीमलाइन, म्हणजे सिंक्रोट्रॉनचा झोत नमुन्यावर आणून मोजणारी मांडणी, कितीही उत्तम असली, तरी वाईट क्रिस्टलवर ती वाईटच डेटा देते.

मोजमापाचं म्हणाल तर इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा. विवर्तन, शोषण आणि फोटोएमिशन तिथे शिकावं. रात्री-अपरात्री स्वतः मोटर हलवून शिकायला मिळतं, ते फार मोलाचं. विद्यापीठांना अशी मोठी यंत्रं वापरू देणाऱ्या यूजीसी-डीएई सीएसआर या संस्थेची केंद्रं इंदूर आणि मुंबईत असल्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यालाही दार उघडं आहे. उच्च विभेदनाच्या रिक्ससाठी मात्र सहसा बाहेरच जावं लागतं. हाम्बुर्गचं पेट्रा-३, इटलीतल्या त्रिएस्तेचं एलेत्रा आणि जपानमधलं त्सुकुबा इथल्या सिंक्रोट्रॉनवर भारतीय गटांना वेळ मिळावा म्हणून सरकारी पातळीवर करार झालेले आहेत. अडचण एवढीच की सगळं काही मोजक्या दिवसांवर येऊन ठेपतं. व्हिसा वेळेत न आल्याने माझा स्वतःचा एक बीमटाइम हुकला. क्रिस्टल कुरिअरने पोचले, मोजमाप दुसऱ्यांनी केलं आणि त्या डेटातला एक प्रश्न मला अजून छळतो, कारण त्या क्षणी तापमान दोन अंशांनी बदलून पाहायला मी तिथे नव्हतो.

ग्रनोबलला हीच उणीव नसते. ईएसआरएफ या युरोपीय सिंक्रोट्रॉनचं ८४४ मीटर घेराचं वर्तुळ २०२०मध्ये नव्याने उभं राहिलं आणि त्याला लागूनच आयएलएल या संस्थेची न्यूट्रॉन अणुभट्टी आहे. बीमलाइनवरच्या गटात पीएचडी केलीत, तर यंत्र तुमच्या रोजच्या सवयीचं होतं. क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारं उपकरण) थंड होतोय, ऊर्जा कडेवर आहे, ग्रॅफाइटचा अ‍ॅनालायझर फिरवून विखुरलेल्या एक्स-रेचं ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) तपासलं, आणि जिथे साध्या मांडणीत काहीच नव्हतं तिथे फिरवलेल्या मांडणीत एक बारीक शिखर उभं राहिलं. स्ट्रॉन्शियम इरिडेटचं तापमान वाढवत नेलं की २४० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे त्यातली चुंबकीय मांडणी मोडते तिथेच, ते मावळतं. तेव्हा खात्री पटते की हे चुंबकत्वच आहे. हा अनुभव वर्षातून एकदा घेणं वेगळं आणि महिन्यातून दोनदा घेणं वेगळं. पण क्रिस्टल बहुधा दुसऱ्याचा असतो, आणि कोणता पदार्थ का निवडला हे ठरवणाराही बऱ्याचदा दुसराच असतो.

पैशाचं थोडक्यात. जेआरएफला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,०००, वर घरभाडं. काम पाच वर्षं किंवा जास्तच चालतं. फ्रान्समध्ये तीन वर्षांचा नोकरीचा करार, २०२५ साली महिन्याला किमान २,२०० युरो, कर-कपातीआधी. तीन वर्षं हा फार थोडा काळ आहे. बीमलाइन अपग्रेडसाठी बंद पडली तर त्यातलं एक वर्ष सहज जातं. स्वित्झर्लंडचा एसएलएस हा सिंक्रोट्रॉन २०२३च्या शरदापासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत असाच बंद होता.

माझा कौल विचाराल तर, रसायन आणि फर्नेस आवडत असतील तर इथेच थांबा, पण गाईडकडे गेल्या तीन वर्षांत किती बीमटाइम मंजूर झाला आणि तिथे विद्यार्थी स्वतः गेले का, हे स्पष्ट विचारा. डिटेक्टर, ऑप्टिक्स आणि डेटाच्या कोडमध्ये रमत असाल तर ग्रनोबल किंवा हाम्बुर्ग निवडा, आणि तिथल्या गाईडला विचारा की क्रिस्टल कुठून येतात व पहिला नमुना कधी हातात पडेल. "लवकरच" असं उत्तर आलं, तर त्याच गटातल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलल्याशिवाय सही करू नका.