यादीत बारा प्राध्यापक, वर्गात चार: फी भरण्याआधी काय तपासावं

पात्र प्राध्यापक फक्त कागदावर दाखवायचे, या कॉलेजांच्या फसवणुकीत कुणी दारात येऊन पैसे नेत नाही. पावती मिळते, ओळखपत्र मिळतं, विद्यापीठाची परीक्षाही होते. विषय शिकवणाऱ्या माणसाने तो विषय कधी शिकलेलाच नाही, हे विद्यार्थ्याला बहुधा तिसऱ्या वर्षी उमगतं. तेव्हा कॉलेज सोडणं परवडत नाही आणि राहिलं तर हाती काही लागत नाही. मुलाखतीत साध्या प्रश्नावर अडखळल्यावर मुलं स्वतःला दोष देतात. पालकही मुलालाच बोलतात. ज्यांनी शिकवायला हवं होतं ते वर्गात आलेच नाहीत, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

हा प्रकार किती मोठा असू शकतो हे तामिळनाडूत दिसलं. जुलै २०२४ मध्ये अरप्पोर इयक्कम या भ्रष्टाचारविरोधी संघटनेने अण्णा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. २२४ खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांत मिळून ३५३ जण एकाच वर्षी एकाहून अधिक ठिकाणी पूर्णवेळ प्राध्यापक म्हणून दाखवलेले निघाले. काही नावं तर दहाहून अधिक कॉलेजांत होती. विद्यापीठाने स्वतः तपासणी केली तेव्हा आकडा आणखी वाढला. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची तीच कथा झाली. एका कॉलेजातली प्राचार्य दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून नोंदलेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सीबीआयने ३०८ कॉलेजं तपासून १६९ योग्य ठरवली, आणि मग २०२४ मध्ये सीबीआयचेच अधिकारी लाच घेताना पकडले गेल्याने ती १६९ पुन्हा तपासावी लागली. या सगळ्यात परीक्षा रखडल्या त्या विद्यार्थ्यांच्या. चूक त्यांची काडीइतकीही नव्हती.

महाराष्ट्रात या धंद्याची भाषा वेगळी नाही. "डिग्री लावणे" म्हणजे पात्र माणसाची कागदपत्रं आणि सही कॉलेजच्या नावे ठेवायची; तो माणूस नोकरी दुसरीकडेच करतो आणि तपासणीच्या दिवशी येऊन बसतो. दुसरी पद्धत पगाराची. पूर्ण वेतन बँकेत जमा होतं, म्हणजे कागद स्वच्छ, आणि त्यातला मोठा हिस्सा रोखीने संस्थेला परत करावा लागतो. इतक्या कमी पैशांत टिकणारा माणूस मग बहुतेक वेळा नुकताच पास झालेला, पदव्युत्तर शिक्षण अर्धवट असलेला असतो. तिसरी पद्धत सगळ्यांत जास्त चालते आणि सगळ्यांत कमी पकडली जाते: पदवी खरी, माणूसही खरा, पण विषय भलता. प्रॉडक्शनचा एम.ई. मशीन लर्निंग शिकवतो, कॉमर्समध्ये सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेला बी.सी.ए.ला डेटाबेस शिकवतो. कॉलेज म्हणतं, "आमचे सगळे प्राध्यापक क्वालिफाइड आहेत." वाक्य खोटं नाही. त्यातून फसवणूक मात्र पूर्ण होते. कॉम्प्युटरच्या जागा ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने त्या विषयाचे एम.टेक. झालेले लोक तयार झालेले नाहीत. अखिल भारतीय तांत्रिक शिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०२४-२५ पासून जागांची कमाल मर्यादाही काढली, त्यामुळे कॉम्प्युटर आणि एआय शाखांत हा धोका सर्वाधिक आहे.

यात पैशाचा हिशेब समजून घ्या. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजच्या खर्चावरून ठरवतं आणि त्या खर्चात शिक्षकांचा पगार ही मोठी बाब असते. म्हणजे जो प्राध्यापक वर्गात कधी आला नाही, त्याचा पगार पालकाच्या फीमधून वसूल झालेला असू शकतो.

आता नियम काय म्हणतात. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची). राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत. नियमाप्रमाणे पीएच.डी. झालेल्याला नेट-सेटमधून सूट मिळते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. इंजिनिअरिंगला बी.ई. आणि एम.ई. त्याच शाखेत आणि दोहोंपैकी एकात प्रथम वर्ग. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. हवीच. बी.एड.ला दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असतील तर १६ पूर्णवेळ शिक्षक लागतात: प्राचार्य १, शिक्षणशास्त्राचे ४, अध्यापन पद्धतीचे ८, आणि शारीरिक शिक्षण, चित्रकला, प्रयोगकला यांचा प्रत्येकी १. अनेक ठिकाणी शेवटचे तिघे फक्त यादीतच भेटतात.

इंजिनिअरिंगचा आकडा घरी बसून काढता येतो. प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक. एका शाखेत दर वर्षी ६० जागा, चार वर्षांचे २४०, म्हणजे १२ शिक्षक. जागा १८० असतील तर ७२० विद्यार्थी आणि ३६ शिक्षक. त्या शाखेच्या शिकणाऱ्या मुलांना विचारा, तुम्हाला आतापर्यंत शाखेच्या किती जणांनी शिकवलं? बाराऐवजी चार-पाचच नावं निघाली तर पुढचे प्रश्न विचारायची वेळ झाली.

वेळापत्रक हा सगळ्यांत बोलका कागद आहे, कारण तो तपासणीसाठी नव्हे, रोजच्या कामासाठी बनतो. यूजीसीच्या नियमात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. विभागाच्या फलकावरच्या वेळापत्रकाचा फोटो घ्या आणि प्रत्येक आद्याक्षरापुढचे तास मोजा. प्रॅक्टिकल मोजताना बॅच विसरू नका. दोन तासांचं एक प्रॅक्टिकल तीन बॅचना घ्यायचं म्हणजे सहा तास. एकाच्याच नावावर २६-२८ तास दिसले तर तो दुसऱ्या कुणाचं ओझं वाहतोय. यादीत आहे पण वेळापत्रकात एकही तास नाही असं नाव दिसलं तर ते बहुधा लावलेल्या डिग्रीचं. मात्र एखादा शिक्षक रजेवर किंवा पीएच.डी.साठी प्रतिनियुक्तीवर असू शकतो, म्हणून एका नावावरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार नावं तशी असतील तर रजेचं कारण टिकत नाही.

कॉलेज बघायला जायचं ते समुपदेशनाच्या किंवा "ओपन डे"च्या दिवशी नव्हे. सत्राच्या मध्यावर, साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराला जा आणि दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा बघा. तिथे शिक्षक आहे की फक्त लॅब असिस्टंट, हे दहा मिनिटांत कळतं.

मग कागद. खाजगी कॉलेजच्या संकेतस्थळावर "मँडेटरी डिस्क्लोजर" नावाचं पान असतं. त्यात शिक्षकांची नावं, पदव्या, रुजू झाल्याची तारीख असायला हवी. ते पान आजच्या तारखेसह जतन करून ठेवा, कारण तपासणी उरकली की याद्या बदलतात. नॅक या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल आणि दर वर्षीचे अहवालही संकेतस्थळावर असतात. लागोपाठच्या तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा. दर वर्षी निम्मी नावं बदलत असतील तर तिथे कुणी टिकत नाही, किंवा नावं तपासणीपुरती आणली जातात. नुसत्या नॅकच्या श्रेणीवर विसंबू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षालाच अटक झाली होती.

सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे विद्यापीठाचं अप्रूव्हल, शिक्षकाच्या नेमणुकीला विद्यापीठाने दिलेली मान्यता. त्यात चार गोष्टी वाचायच्या: कुठल्या विषयासाठी, कुठल्या कॉलेजसाठी, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर), आणि किती मुदतीची. एका वर्षाची तात्पुरती मान्यता संपून तीन वर्षं झाली तरी तेच पत्र दाखवलं जातं. प्रवेशाच्या टेबलावर पत्र दाखवून लगेच परत घेतलं तर मुदत वाचलीच जात नाही, म्हणून ते हातात घेऊन शांतपणे वाचा.

पीएच.डी. तपासणं सोपं आहे. शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध नावाने शोधा. तो तिथे नसणं हा पुरावा नव्हे, जुने बरेच प्रबंध चढवलेले नाहीत. पण अलीकडची पदवी असून प्रबंध कुठेच नसेल तर विचारा. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत आहे का ते बघा. बनावट विद्यापीठांची वेगळी यादी यूजीसी प्रसिद्ध करते. नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी त्यात अनेक वर्षं आहे. शिवाय विद्यापीठ खरं असूनही पीएच.डी. संशयास्पद असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन विद्यापीठांना पाच वर्षं पीएच.डी.चे प्रवेश द्यायला मनाई केली.

काही अपवाद खरे आहेत आणि ते माहीत असायला हवेत, नाहीतर चांगल्या माणसावर विनाकारण संशय जातो. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेले, नेट-सेट नसलेले प्राध्यापक महाराष्ट्रात नियमित सेवेत आहेत. ती फसवणूक नाही. उद्योगात किमान १५ वर्षं काम केलेल्या तज्ज्ञाला पदवीची अट न लावता "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस" म्हणून नेमता येतं, पण अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच. आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक म्हणजे कच्चा शिक्षक, असं मुळीच समजू नका. सेट आणि पीएच.डी. दोन्ही असलेले शेकडो लोक महाराष्ट्रात तुटपुंज्या मानधनावर तासिका घेतात, कारण पदभरती रखडली आहे. त्यांच्यावरही अन्यायच झाला आहे. प्रश्न त्यांच्या पदवीचा नाही. रिकामी जागा भरलेली दाखवणाऱ्यांचा आहे.

कॉलेज माहिती देत नसेल तर माहिती अधिकार वापरा. खाजगी कॉलेज बहुधा "आम्हाला कायदा लागू नाही" म्हणतं, म्हणून अर्ज विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. मान्यता देणारं तेच आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे दोन मागण्या एकत्र केल्या की अर्ज त्याच कारणाने परत येतो. शिक्षकांच्या गुणपत्रिका किंवा आधार मागू नका, "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार ठरलेला आहे, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हा नकार आणखी सोपा केला आहे. मागणी अशी लिहा: "अमुक महाविद्यालयातील अमुक अभ्यासक्रमासाठी चालू शैक्षणिक वर्षात विद्यापीठाने मान्यता दिलेल्या अध्यापकांची यादी: नाव, पद, मान्यतेचा विषय, नेमणुकीचे स्वरूप, मान्यता पत्राचा क्रमांक, दिनांक व मुदत." स्थानिक चौकशी समितीचा, म्हणजे एल.आय.सी.चा, शेवटचा अहवाल दुसऱ्या अर्जात मागा. त्या अहवालात "पात्र शिक्षक नाहीत" असा शेरा वर्षानुवर्षे असतो आणि तरी संलग्नता चालू राहते, हे अनेकांना तिथे पहिल्यांदा कळतं. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

तक्रार करताना विद्यार्थ्याने एकट्याच्या नावाने करू नये. अंतर्गत गुण कॉलेजच्या हातात असतात आणि धमकी तिथूनच येते. पालक, माजी विद्यार्थी, पाच-दहा जणांच्या सह्या असू द्या. पहिली पायरी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार तिने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. माहितीपुस्तिकेत खोटी माहिती देणं आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं हे दोन्ही या विनियमांत तक्रारीचे विषय आहेत, म्हणून माहितीपुस्तिका कधीही टाकू नका. सोबत तांत्रिक शिक्षण परिषद, बी.एड. असेल तर एन.सी.टी.ई. (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद), नर्सिंग किंवा फार्मसी असेल तर त्यांची परिषद, यांना प्रत पाठवा. तक्रारीत "शिक्षक चांगले नाहीत" असं लिहिलं तर ती बाजूला पडते. "अमुक विषयाचे तास अमुक आद्याक्षरे असलेली व्यक्ती घेते, तिचं नाव मँडेटरी डिस्क्लोजरच्या यादीत नाही, यादीतली ही सहा नावं वेळापत्रकात नाहीत" असं, फोटोसह लिहिलं तर उत्तर द्यावंच लागतं. ग्राहक न्यायालयावर फार भिस्त ठेवू नका, शिक्षणसंस्था त्या कायद्यात येतात का यावर निकाल उलटसुलट आहेत.

प्रवेश घेऊन काही दिवसांतच शंका आली तर थांबू नका, कारण परताव्याला तारखा आहेत. यूजीसीच्या नियमात प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी १५ किंवा अधिक दिवस असतील तर फीच्या ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५००० रुपये कापून बाकी फी परत, १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर शून्य. कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) वेळापत्रकातली प्रवेश रद्द करण्याची तारीख लागू होते. ती प्रवेशाच्या दिवशीच लिहून घ्या आणि रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइनच करा. हातात दिलेल्या अर्जावर कॉलेजची पोच मिळत नाही आणि तारीख निघून जाते.