दिवाळीला जादा बोनस की मूळ पगारात वाढ?

भोसरीत तीस कामगारांचे वर्कशॉप चालवणाऱ्या एका परिचितांपुढे प्रश्न आहे, की प्रत्येकी १२,००० रुपये दिवाळीला एकरकमी द्यावेत, की मूळ पगार महिन्याला १,००० रुपयांनी वाढवावा. (कायद्याने ठरलेला किमान ८.३३ टक्के बोनस यात धरलेला नाही. तो हक्क आहे, त्याला बक्षीस म्हणू नये.)

खर्च वरवर सारखाच दिसतो. मात्र पूर्ण मूळ पगारावर भविष्यनिर्वाह निधी भरला जात असेल, तर वाढीमुळे मालकाचा १२ टक्के हिस्सा वर्षाला १,४४० रुपयांनी वाढतो. शिवाय ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी मोजली जात असल्याने, वीस वर्षे काम केलेल्या माणसाचे देणे लगेच सुमारे ११,५०० रुपयांनी चढते. मालकाला जो भार वाटतो, तीच कामगाराची म्हातारपणची पुंजी असते, आणि माझ्या मते हिशेब करताना हीच बाब सर्वांत आधी पाहिली पाहिजे.

लवचिकपणा बोनसमध्ये अधिक आहे, कारण मंदीत पगार कमी करता येत नाही. तरीही वर्षानुवर्षे दिलेला जादा बोनस प्रथा ठरतो आणि तो थांबवल्यास वाद उभा राहतो. सणाच्या तोंडावर हाती आलेली रक्कम उत्साह देते, पण घरभाडे आणि शाळेची फी दर महिन्याला भरावी लागते.

ऑर्डरी अनिश्चित असतील, तर जादा बोनस द्यावा. काम स्थिर असेल आणि हातचे कुशल कारागीर टिकवायचे असतील, तर पगारच वाढवावा.